आजोबांची लढाई लिहून घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका घरातले आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. 1965 आणि 1971, दोन्ही लढायांत होते. वय ऐंशीच्या पुढे. नातवाला त्यांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत, आणि समाजाने सैनिकाला कसे वागवले याबद्दल त्यांना काय वाटते तेही. पण विषय काढला की "त्यात काय सांगायचं, सगळ्यांनी केलं तेच केलं" म्हणून ते गोठ्याकडे निघून जातात. त्यांना बोलते कसे करायचे, आणि बोलले तर टिपायचे कसे?

"सगळ्यांनी केलं तेच केलं" ही टाळाटाळ समजू नका. ते शब्दशः खरे आहे. सेक्शन, म्हणजे पायदळाची छोटी तुकडी, दहा माणसांची. मोर्चात, म्हणजे खणलेल्या खंदकात, दोघे, एलएमजीवर (हलक्या मशीनगनवर) दोघे. त्यातून "माझा पराक्रम" असा वेगळा काढून सांगणे जुन्या जवानाला चोरी केल्यासारखे वाटते, त्यात शेजारचा परत आला नसेल तर जास्तच. शिवाय इतकी वर्षे गावाने त्यांना फिरून फिरून दोनच गोष्टी विचारल्या असणार: किती मारले, आणि पेन्शन किती. या दोन्हींच्या मधे जे आहे ते ऐकायला कोणी बसले नाही. माझे ठाम मत आहे की जवान गप्प होतो तो आठवत नाही म्हणून क्वचित. बहुतेकदा समोरच्याला काय ऐकायचे आहे ते त्याला आधीच कळलेले असते, म्हणून तो गप्प होतो.

म्हणून पहिले पंधरा दिवस रेकॉर्डर काढूच नका. आधी ट्रंक उघडा.

बहुतेक फौजी घरांत एक काळी लोखंडी पेटी असते, वर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव घातलेले. तिच्यात डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची तारीख, भरतीचे ठिकाण, पलटण, बढत्या, पदके आणि सोडण्याचे कारण त्यात असते. आजोबांचा फौजी नंबर तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढे सगळीकडे तोच लागेल. शिपायापासून हवालदारापर्यंत नंबर एकच राहतो. नायब सुभेदार झाल्यावर मात्र "जेसी"ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो, त्यामुळे एकाच माणसाची दोन नंबरांची कागदपत्रे सापडली तर गोंधळू नका. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. तोही नसेल तर त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो: मराठ्यांचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे (इंजिनिअर दलाचे) खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे नगरला. अर्ज आजोबांच्या सहीने आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर सोपे जाते.

मग पदके. ही नुसती शोभेची वस्तू नाही, ती वाचता येते. 1965 साठी दोन आहेत, समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. 1971 साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. रक्षा आणि संग्राम ही पदके त्या वेळी फौजेत असलेल्यांना सरसकट मिळाली. स्टार मात्र प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असलेल्यालाच. पूर्वी स्टार दिसला की माणूस बांगलादेशच्या बाजूला होता, पश्चिमी दिसला की पंजाब, राजस्थान किंवा काश्मीरच्या बाजूला. घरात सगळे "आजोबा बांगलादेशात होते" म्हणत असतील आणि पेटीत पश्चिमी स्टार निघाला, तर भांडू नका, नोंद करा. 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक मिळाले, तेही तारखा जुळवायला उपयोगी पडते.

गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. खोली अंधारी करा, पदक काळ्या कापडावर ठेवा आणि टॉर्च वरून न धरता अगदी कडेने, आडवा धरा. कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे नाव उठून येते. तसाच फोटो काढा. पदकांना ब्रासो, म्हणजे पितळ घासायचे पॉलिश, लावू नका. फौजेच्या सवयीने कित्येक घरांत दर 26 जानेवारीला पदके घासली जातात, आणि तीस-चाळीस वर्षांत नावच पुसले जाते. आजोबा स्वतः घासत असतील तर आधी कडेचा फोटो घेऊन ठेवा, मग खुशाल घासू द्या. ती त्यांची आहेत.

पत्रे असतील तर ती सोने आहेत. लढाईतल्या पत्राच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा असतो. पत्त्यात मात्र "56 एपीओ" किंवा "99 एपीओ" (एपीओ म्हणजे फौजेचे टपाल कार्यालय) असते. 56 ची टपालवाटणी दिल्लीहून होत असे, 99 ची कोलकात्याहून. म्हणजे एवढ्यावरून माणूस साधारण पश्चिमेला होता की पूर्वेला, ते कळते. शिक्क्यावरची तारीख वहीत उतरवून घ्या. पत्र लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कागद 300 डीपीआयवर, फोटो 600 वर स्कॅन करा, आणि दोन्ही बाजू करा. फोटोच्या मागे बऱ्याचदा नावे असतात.

ही पेटी उघडताना आजोबा शेजारी असतील तर रेकॉर्डर नसतानाच निम्मे बोलून जातील. अडवू नका. रात्री वहीत मुद्दे लिहून ठेवा आणि ते पुढे पुन्हा विचारा.

आता बैठक. सकाळी चहा झाल्यावर, नऊ ते अकराच्या मधे. एका वेळी पाऊण तास, फार तर एक तास. आठवड्यात दोनदा. आठ ते दहा बैठका धरून चाला. संध्याकाळी अजिबात नको, कारण संध्याकाळी उघडलेले रात्री झोपेत येते. "थोडी पाजली की बोलतात" असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मुळीच ऐकू नका. प्यायल्यावर सांगितलेल्यात तपशील एकमेकांत मिसळतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण काय बोलून बसलो या विचाराने माणूस कायमचा मिटतो.

बसायची जागाही ठरवून घ्या. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे जुन्या पायदळ जवानाला बहुधा डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्यांच्या उजव्या हाताला बसा. पुष्कळ घरांत "आजोबा प्रश्न ऐकूनही उत्तर देत नाहीत" अशी तक्रार असते, त्याचे कारण इतके साधे असू शकते. पंखा बंद करा, पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाचा दिवस टाळा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि टेबलावर उघडा न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. कॉलरला लावायचा वायरवाला माइक स्वस्तात मिळतो. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, अंगरख्याच्या आत नको. तीस सेकंद बोलून ऐकून बघा, मगच सुरू करा. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो एवढे पुरे. तासाला साधारण 345 एमबी जागा लागते. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

खोलीत तुम्ही आणि ते, एवढेच. मुलगा, सून, शेजारी बसले की आजोबा त्यांच्यासाठी बोलू लागतात, आणि ऐकणारेही "ते जमालपूरचं सांगा की" म्हणून (जमालपूर म्हणजे बांगलादेशातली एकाहत्तरची लढाई) ठरलेली गोष्ट मागतात. ठरलेली गोष्ट शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली असते. आपल्याला तिच्या कडेचे हवे आहे.

सुरुवात लढाईपासून करू नका. भरती, बेळगाव, बूट, जेवण. बूट मापाचे मिळाले का? पहिल्या दिवशी लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, काय होते? कवायतीत रगडा देणारा उस्ताद कुठला होता? फौजेतली हिंदी बोलायला किती दिवसांनी जमू लागली? या प्रश्नांना शरीर उत्तर देते, आणि शरीराची आठवण तारखांच्या आठवणीपेक्षा पक्की असते. दोन बैठका यातच जाऊ द्या.

लढाईकडे आल्यावर मोठे प्रश्न टाळा. समजा ते म्हणाले, "त्या रात्री चालतच होतो." इथे "भीती वाटली का?" विचारले की उत्तर येते, "फौजीला कसली भीती", आणि दार बंद. त्याऐवजी विचारा: पुढे कोण चालत होता? अंधारात तो कसा दिसत होता? पाठीवर काय काय होते? पाणी कुठे संपले? पाय कशात बुडत होते, चिखलात की वाळूत? थांबल्यावर मोर्चा खणायला किती वेळ मिळाला, कमरेएवढा झाला की छातीएवढा? शेजारी कोण होता? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा एक नाव येते, आणि नावाबरोबर बाकीचे सगळे येते. कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि मोर्चा, झाड, बांध, शत्रूची दिशा काढून मागा. चित्र वाईट आले तरी चालेल. हात चालू लागला की जीभ सुटते. तो कागद तारीख घालून जपून ठेवा.

गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. मनात वीस आकडे मोजा. नवखा माणूस पाचव्या आकड्याला पुढचा प्रश्न टाकतो आणि येणारे वाक्य मारून टाकतो.

तारखांची गाठ अशी सोडवतात. ऐंशीच्या माणसाच्या मनात 1965 आणि 1971 एकमेकांत मिसळलेले असतात, त्यात लबाडी नसते. हत्यार विचारा. 1965 ला पुष्कळ पलटणींकडे अजून .303 होती, दर गोळीला बोल्ट ओढायची. 1971 ला एसएलआर, म्हणजे आपोआप गोळी भरणारी रायफल, हातात होती, वीस गोळ्यांची मॅगझिन. बोल्ट ओढल्याचे वर्णन आले तर बहुधा पासष्टचे बोलणे चालू आहे. जमीन विचारा. ऊस-कापसाची शेते, कोरडी धूळ, मधे कालवा असेल तर पंजाब. भाताची खाचरे, तळी, केळीची झाडे आणि सतत ओले पाय असतील तर पूर्वेची बाजू.

आणि सण विचारा, चांदणे विचारा. आपली माणसे इंग्रजी तारखेने कमी आणि तिथीने जास्त लक्षात ठेवतात. 1962 चा चिनी हल्ला 20 ऑक्टोबरचा, दिवाळीच्या आठवडाभर आधी. 6 सप्टेंबर 1965 ला लाहोरकडची सरहद्द ओलांडली तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते, आणि 23 सप्टेंबरला युद्ध थांबले तो पितृपंधरवडा. 3 डिसेंबर 1971 ला लढाई जाहीर झाली तेव्हा मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, नुकतीच झाली होती. म्हणून सुरुवातीच्या रात्री चांदण्याच्या. 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा अमावास्या तोंडावर होती. जमालपूरच्या दक्षिणेला 1 मराठाने, म्हणजे जंगी पलटणीने, रस्ता अडवला होता आणि 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून फुटून बाहेर पडू पाहणारे पाकिस्तानी सैन्य त्यांच्यावर चालून आले. ही वद्य पक्षातली रात्र, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार. आजोबा जंगीत असतील आणि "आधी काळोख होता, मग उजेडलं" म्हणाले, तर ती आठवण किती खरी आहे ते तुम्हाला पंचांगच सांगेल. घरच्या बाजूनेही खुंट्या मारून घ्या: भूकंपाच्या आधी की नंतर (कोयनेचा, 11 डिसेंबर 1967), बहात्तरच्या दुष्काळात सुट्टीवर होतात का, धाकटा जन्मला तेव्हा कुठे होतात.

चूक सापडली तर बैठकीत दुरुस्त करू नका. पलटणीचे नाव चुकले, गाव चुकले, तरी ऐकून घ्या आणि लिहिताना तळटीप द्या. सिनेमातले दृश्य, दुसऱ्याने सांगितलेली हकिगत किंवा मागाहून वाचलेली बातमी स्वतःच्या आठवणीत मिसळते, हे सगळ्यांचेच होते. ओळखायची खूण अशी: स्वतः पाहिलेल्या गोष्टीत माणसाची जागा ठरलेली असते, "मी बांधाच्या डाव्या बाजूला होतो". ऐकलेल्या गोष्टीत सगळी लढाई वरून दिसते. वरून दिसू लागली की हळूच विचारा, "तेव्हा तुम्ही कुठं होता?"

आता तुमचा दुसरा भाग, समाजाचा. "समाजाबद्दल काय वाटतं?" हा प्रश्न कधीच विचारू नका. त्याचे उत्तर भाषण असते, नाहीतर "चाललंय". समाज म्हणजे काही ठरावीक दारे असतात, त्या प्रत्येक दाराचे वेगळे विचारा. पहिल्या सुट्टीवर आलात तेव्हा एसटी स्टँडवर कोण भेटले, काय म्हणाले? जमिनीची वाटणी तुम्ही पलटणीत असताना झाली का, आणि वाट्याला कुठला तुकडा आला? तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी किती हेलपाटे मारले? लग्न ठरताना मुलीकडच्यांनी काय विचारले? जत्रेत मान होता का? आता झेंडावंदनाला बोलावतात का, आणि बोलावले तर दोन शब्द बोलू देतात की शाल-नारळ देऊन बसवतात?

यात एक मोठा भाग नेहमी सुटतो. त्या काळचा जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीवर येत असे. म्हणजे फौजेत पंधरा वर्षे आणि सिव्हिलमध्ये पंचेचाळीस. या पंचेचाळीस वर्षांत तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, शाळेत शिपाई झाला, कारखान्यात वॉचमन झाला. ज्याच्या हाताखाली सेक्शन होती त्याला विशीतला साहेब एकेरीत हाक मारू लागला. सैनिकाचे समाजाबद्दलचे खरे मत इथे तयार होते, लढाईत नव्हे. म्हणून आठ बैठका असतील तर तीन याला द्या. पहिली नोकरी कशी लागली, पहिल्या दिवशी कोण काय बोलले, पलटणीची कुठली सवय सिव्हिलमध्ये नडली, हे बुटांच्या प्रश्नाइतकेच बारकाईने विचारा.

कुठल्या लढाईतून आला त्यावर गावाचे वागणेही ठरते, ते तुम्हाला माहीत असले पाहिजे. बासष्टहून परतलेल्यांच्या वाट्याला शरम आली, जी त्यांची नव्हती. चीनच्या कैदेतून 1963 ला सुटून आलेल्यांना आधी आपल्याच फौजेच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. तिथे गेलेल्या माणसाला "हरलो कसे?" हा प्रश्न अजून बोचतो. पासष्ट आणि एकाहत्तरला जल्लोष झाला, पण मेलेले घरी आले नाहीत. बहुतेकांचे दहन आघाडीजवळच झाले, घरी तार आणि मागाहून सामान आले. गावाने प्रेत पाहिले नाही, त्यामुळे कितीतरी आयांनी पुढे वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लावले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेचे आणखी वेगळे. 1987 ते 1990 मध्ये सुमारे 1,200 जवान मारले गेले, महार रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. ती लढाई होती हेच पुष्कळांना माहीत नाही. कारगिलच्या वेळी, 1999 ला, टीव्हीवर लढाई दिसली आणि पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शवपेट्या तिरंग्यात गुंडाळून गावोगावी आल्या. 527 जवान गेले. अख्खा तालुका अंत्ययात्रेला लोटला. आज आपण ज्याला सैनिकाचा मान म्हणतो तो बराचसा त्या उन्हाळ्यानंतरचा आहे. पासष्टच्या जवानाला त्याचे कौतुकही असते आणि आत कुठेतरी "आमच्या सोबत्यांना हे मिळालं नाही" हेही असते. दोन्ही एकाच वाक्यात आले तर एकाच वाक्यात लिहा, कापून एक बाजू ठेवू नका.

जातीचा प्रश्न गाळू नका. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 111 वी महार पलटण उभी केली, 1921 ला ती मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1 ऑक्टोबर 1941 उजाडावे लागले. पलटणीत एका लंगरमध्ये जेवलेला माणूस सुट्टीवर आल्यावर गावाच्या कुठल्या पाणवठ्यावर गेला, हे त्या पिढीच्या आठवणींत असतेच. आजोबा महार पलटणीतले असोत की मराठ्यातले, प्रश्न दोघांनाही विचारा: पलटणीत एकत्र होता, गावात आल्यावर काय व्हायचे? उत्तर जसे येईल तसे लिहा, सौम्य करू नका.

आजीची बैठक वेगळी घ्या, आजोबा घरात नसताना. लढाई चालू असताना बातमी कशी कळायची, रेडिओ कोणाकडे होता, मनीऑर्डर कोणाच्या हातात पडायची, पोस्टमन दिसला की काय व्हायचे, पत्र कोणाकडून वाचून घ्यायची आणि त्याच्यासमोर काय लपवायची. आजोबा सांगतील की सुट्टीवर आल्यावर सगळे ठीक होते. ते रात्री दचकून उठायचे हे आजी सांगेल. दोन्ही खरे आहे.

थांबायचे कधी, हे आधीच ठरवून ठेवा. हात थरथरू लागले, एकच वाक्य तिसऱ्यांदा आले, "तो तिथं पडला होता"च्या जागी अचानक "तो तिथं पडलाय" असा वर्तमानकाळ आला, की तो प्रसंग पुढे रेटू नका. पण रेकॉर्डर फटकन बंद करून उठूनही जाऊ नका, त्यांना त्या जागी एकटे सोडल्यासारखे होते. दहा मिनिटे खर्चून त्यांना तिथून परत आणा: मग गाडी कुठली मिळाली, घरी कितीला पोचलात, आईने काय केले होते. चहा घ्या. संध्याकाळी सहज डोकावून या. दोन-तीन रात्री झोप उडाली, ओरडून उठले, तर बैठका थांबवा आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतूनही बोलता येते. आठवणी अर्ध्या राहिल्या तरी चालतील.

लिहिताना भाषा त्यांचीच ठेवा. "मोर्चा", "फॉलिन", "बडाखाना", "पेन्शन आलो", "सिव्हिलमधी" हे शब्द शुद्ध करायला गेलात तर माणूस जातो आणि निबंध उरतो. तासाभराचे बोलणे उतरवायला पाच ते आठ तास लागतात. मोबाइलवरचे आपोआप टंकन साताऱ्याची बोली आणि फौजी हिंदी मिसळली की घोटाळे करते, ते कच्चा खर्डा म्हणून वापरा. जिथे हसले, थांबले, तिथे कंसात तसे लिहा.

छापण्याआधी दोन गोष्टी. 1965-71 च्या आठवणींत गुपित असे फारसे उरलेले नाही, पण पुढे सियाचिन, काश्मीर किंवा ईशान्येतल्या नोकरीचे बोलणे निघाले तर मार्ग, चौक्यांच्या जागा आणि मदत करणाऱ्या स्थानिकांची नावे गाळा. 1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तांनाही लागू आहे. दुसरी गोष्ट कायद्याची नाही, पण जास्त जड आहे. सोबती कसा गेला हे आजोबा सांगतील. त्याच्या घरच्यांना मात्र तेव्हा "जागीच गेला, त्रास झाला नाही" असे कळवलेले असू शकते. ते कुटुंब अजून तुमच्या शेजारच्या गावात असेल. तो भाग पूर्ण लिहा, पण वेगळ्या प्रतीत, आणि ती कोणी, कधी उघडायची हे आजोबांकडून ठरवून घ्या. सोबत्याचे नाव कसे लिहायचे ते दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावरच्या नावाशी ताडून पाहा. त्यागचक्राच्या भिंतींवर 1947 नंतर गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत. तिथले स्पेलिंग आणि गावातले नाव यांत फरक निघाला तर दोन्ही नोंदवा. जमले तर त्या नावाचा फोटो मागवून आजोबांना दाखवा. तो दाखवताना रेकॉर्डर बंद ठेवा.

शेवटी सगळे त्यांना वाचून दाखवा, रोज दोन-तीन पानेच, त्यांच्या उजव्या बाजूला बसून. मधे हात वर करून ते थांबवतील. एखादे वाक्य काढायला सांगतील, तर वाद न घालता काढा. आणि एखाद्या जागी म्हणतील, "इथं अजून एक जण होता, त्याचं राहिलं." तेव्हा वही उघडी ठेवा आणि आधी ते नाव लिहून घ्या.